लेकीच्या जागी

४ मार्च, मंगळवार

लेक माझ्याकडे राहायला येऊन बरेच दिवस झाले, आणि मी अजून शेजारणीला सांगतेय की तिच्या घराचं रंगकाम चाललंय. इतके दिवस रंग द्यायला तिचं घर काय राजवाडा आहे? शेजारीण काही बोलत नाही, नुसतं "हो का" म्हणते. त्या "हो का"चा मला भारी राग येतो.

खरं काय ते निदान इथे लिहिते. माझी मुलगी दारू पिते. हॉस्पिटलात एक्स-रे काढते, कामावर अजून बोभाटा झालेला नाही म्हणून नोकरी टिकून आहे. जावयाने मात्र हात टेकले. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. काल फोनवर म्हणाला, "आई, दारू सोडणाऱ्यांच्या बैठका होतात म्हणे, तिथे तिला जायला लावा. ती जायला लागली, आणि तुम्ही मला सांगितलंत की शुद्धीत आहे, तर दर रविवारी मी भिंगरीला आणून सोडेन. तिच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही राहिला. तुमच्यावर आहे." भिंगरी म्हणजे माझी नात. दारातून आत शिरली की आधी दोन गिरक्या घेते, मग चप्पल काढते.

लेकीला बैठकीचं सांगितलं तर म्हणाली, "मी नाही जाणार. अर्ध्या गावाच्या बरगड्या बघितल्यात मी, आई. तिथे कुणीतरी ओळखीचं निघणारच."

मी काही तिच्यावर पाळत ठेवत नाही. ती कामावरून आली की जरा जवळून जाते, एवढंच. कप विसळायच्या आधी एकदा नाकाशी धरते. पर्स उघडी असली तर नजर जाते. बंद असली तर उघडते.

८ मार्च, शनिवार

औषधाच्या दुकानदाराने पत्ता दिला. आवाज खाली आणून "सोडायचंय त्यांचा ग्रुप" असं विचारलं, तर त्यानेही आवाज खाली आणला. दुपारी दुकान बंद करून गेले. (दुकान म्हणजे माझंच, घराच्या खाली. पॅंटची चेन बदलून देणे, कोट सैल करणे, बाह्या आखूड करणे.) तिथे सगळ्या हसतमुख बायका. एकीने मला हाताला धरून थेट वजनकाट्यावर उभं केलं आणि माझा आकडा सगळ्यांना वाचून दाखवला. वजन सोडणाऱ्यांचा ग्रुप होता तो! टाळ्याही वाजल्या. घरी येऊन लेकीला सांगावंसं फार वाटलं, ती पोट धरून हसली असती. पण सांगायचं कसं?

११ मार्च, मंगळवार

सापडलं. मोटार चालवायला शिकवतात त्या शाळेचा मागचा वर्ग. मंगळवारी संध्याकाळी तिथे शिकवणी नसते, तेव्हा ही माणसं जमतात. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात मधोमध कापलेलं इंजिन. ज्यांची गाडी घसरली त्यांना जागा बरी मिळालीय, असं मनात आलं.

लेकीला पाठवायच्या आधी आपण एकदा बघून यायचं, असं मी ठरवलं होतं. कापडसुद्धा मी हात लावल्याशिवाय घेत नाही, पोटच्या पोरीला अशी कुठेही कशी धाडणार? माणसं कशी आहेत, बायका आहेत का, ओळखीचं कुणी नाही ना, एवढं बघून आल्या पावली परतायचं होतं. पण दारात एक गृहस्थ होते, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. सगळे त्यांना चावीकाका म्हणतात. माझ्याहून धाकटेच असतील. म्हणाले, "या ताई, बसा. बोलायची सक्ती नाही. बोललात तर स्वतःचं बोलायचं. बायकोचं, साहेबाचं, नशिबाचं नाही. आणि इथलं इथेच ठेवायचं."

बसले. एकेक जण बोलत होता. माझी पाळी आली. "माझी मुलगी" असं म्हणायला तोंड उघडलं, "मी... माझी..." एवढंच बाहेर आलं आणि पुढे नुसतं रडू. नवरा गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते. शेजारी एक बाई होत्या, शाळेत शिकवतात. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ताई, बाईमाणसाने हे कबूल करायचं म्हणजे जीव जातो. मला वर्षं लागली. या खोलीत आजवर मी एकटीच बाई होते. तुम्ही आलात, फार बरं झालं."

आता त्यांच्या तोंडावर कसं म्हणू, की नाही हो, मी तसली नाही?

पंखे बरे आहेत. ओळखीचं कुणी नाही. पुढच्या मंगळवारी खरं सांगून टाकेन.

१८ मार्च, मंगळवार

नाही सांगितलं. मास्तरीणबाईंनी पिशवी ठेवून माझी खुर्ची धरली होती. एवढ्या मायेने कुणी माझी वाट बघितल्याचं आठवत नाही. त्यांना ताप होता, तरी आल्या होत्या. म्हणाल्या, "म्हटलं, तुम्ही याल आणि मी नसेन, तर परत जाल."

मग माझी पाळी आल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं. लेकीचंच सांगितलं, फक्त "ती"च्या जागी "मी" म्हटलं. केसांना लावायच्या कंडिशनरच्या बाटलीत दारू भरून न्हाणीघरात ठेवायचं. एक ट्रकवाले दादा आहेत, ते म्हणाले, "डोकं भारी चालवलंत ताई. पण फेस नाही आला?" सगळे हसले. मीही हसले. घरी ती बाटली सापडली होती तेव्हा मी हसले नव्हते. लेकीच्या देखत मोरीत ओतली होती आणि दोन दिवस अबोला धरला होता.

लेकीला सांगितलंय की मंगळवारी गुडघ्यांच्या व्यायामाला जाते. "फरक आहे?" म्हणून विचारत होती. आहे म्हटलं.

२५ मार्च, मंगळवार

चावीकाकांनी विचारलं, घरी कोण असतं. तोंडातून निघून गेलं, "आई."

आणि मग थांबताच येईना. "माझ्या पर्समध्ये हात घालते. कप हुंगते. मी घरात आले की काहीतरी शोधायच्या मिषाने अंगावरून जाते. हातात झाडू असतो, पण नाक माझ्याकडे."

ट्रकवाल्या दादांनी विचारलं, "आईंचं वय काय?"

भरभर हिशेब केला. "ऐंशीच्या पुढे."

"या वयात असलं नाक! आमच्या नाक्यावर बसवा त्यांना, पोलिसांना सुट्टी."

खोलीभर हशा. मास्तरीणबाई नाही हसल्या. म्हणाल्या, "माझीही आई असंच करायची. मला वाटायचं जवळ घेतेय, आणि ती हुंगत असायची. मग मी जवळ जाणंच सोडलं. ती गेली तेव्हा आम्ही एकमेकींपासून कितीतरी लांब होतो."

बसमधून येताना आठवत होते, लेकीने मला मिठी कधी मारली होती शेवटची. आठवेना. तिला तरी कुठे वेळ असतो, ड्युटीच्या वेळा कशाही असतात.

३० मार्च, रविवार

आज तिचा कप तसाच विसळला. लेक दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय ग, सर्दी झालीय का तुला?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा लाजेने मेले. पण ती हसत होती, मग मलाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी दोघी एका ताटात जेवलो.

३ एप्रिल, गुरुवार

भिंगरीचा फोन आला होता. "आई, माझा दात पडला, तू बघायला येतेस का?" असं विचारत होती. लेक म्हणाली, "येते ग राणी," फोन ठेवला, आणि पर्स घेऊन बाहेर पडली. आली तेव्हा जिन्यात पाय अडखळत होता. वास घ्यायची गरजच नव्हती. मी तिला धरून वर आणलं, तर म्हणाली, "हात नको लावूस." मी दुकानात खाली येऊन एक धड कोट उगाच उसवत बसले. जीव तुटतो माझा, पण करू काय?

६ एप्रिल, रविवार

आज दुपारी ती माझ्या मशीनशेजारी येऊन बसली आणि आपणहून बोलली. एकदा ती भिंगरीला शाळेतून आणायला विसरली होती. विसरली म्हणजे पिऊन हॉस्पिटलातल्या ड्युटीच्या खोलीत झोपली होती. जाग आली तेव्हा अंधार पडला होता. शाळेच्या पायरीवर पोर एकटी. वॉचमनने तिला आपली खुर्ची देऊ केली होती, पण ती पायरीवरून हलेना, तिथून आई लांबून दिसेल म्हणून. फ्रॉक ओला झाला होता. आईला बघितल्यावर काय म्हणाली? "आई, मी बाबांना नाही सांगणार."

"आणि नाही सांगितलं तिने, आजपर्यंत," लेक म्हणाली. "एवढीशी पोर माझं झाकत फिरतेय. हे मी कुणाशी बोललेले नाही, आई. तुलाच सांगितलं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग ती म्हणाली, "ती बैठक कुठे असते म्हणालीस?" मी पत्ता सांगितला. घाईघाईने म्हटलं, ओळखीचं कुणी नसतं तिथे. "तुला काय माहीत?" म्हणाली. म्हटलं, ऐकलंय.

देवा, तिला जाऊ दे.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी विचारलं, "आज जातेस का?" म्हणाली, "बघू, संध्याकाळची ड्युटी आहे." म्हणजे आज काही ती जात नाही, असं मी धरून चालले. ती जायला लागायच्या आत आपण खरं सांगून तिथून बाहेर पडावं, म्हणून गेले. अगदी त्याचसाठी गेले होते.

पण ती पायरी ऐकल्यापासून माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. झोपेत ते पोर दिसायचं. कुणाला सांगणार? शेजारणीला? पाळी आली आणि मी म्हणाले, "माझी मुलगी लहान असताना..." आणि सगळं सांगितलं. ड्युटीची खोली, वॉचमनची खुर्ची, ओला फ्रॉक. "मला बघून ती म्हणाली, आई, मी बाबांना नाही सांगणार." मास्तरीणबाई डोळे पुसत होत्या. ट्रकवाले दादा खाली बघत होते. मला हलकं वाटलं, खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात चावीकाका दाराकडे बघून म्हणाले, "या, आत या ना. बोलायची सक्ती नाही."

मी वळून बघितलं. लेक होती. हॉस्पिटलच्या कपड्यांत, पर्स छातीशी धरून. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. काकांना म्हणाली, अगदी हळू, "नको. माझं सांगून झालंय."

मी तिच्यामागे धावले, पण या गुडघ्यांनी कसली धावतेय. घरी पोचले तर ती बॅग भरत होती.

"तू तिथे काय करत होतीस?"

"तुझ्यासाठीच गेले होते ग. आधी आपण बघून यावं म्हणून."

"किती वेळा बघितलंस?"

मी तिच्या बॅगेची चेन धरून ठेवली.

"ड्युटी बदलून घेतली होती मी आज," ती म्हणाली. "दिवसभर मनात घोकत होते, कसं सुरू करायचं ते. तेवढं एकच होतं ग माझ्याकडे सांगण्यासारखं. आता तिथे जाऊन काय म्हणू? या बाई म्हणाल्या तेच?"

"मी परत पाऊल टाकणार नाही तिथे. त्यांना काय माहीत तू माझी कोण?"

"आई, आपलं नाक एकच आहे."

रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना चादर नीट घडी घालून ठेवली होती, पाहुणे ठेवतात तशी.

२२ एप्रिल, मंगळवार

आज शेवटची गेले आणि उभी राहून खरं सांगितलं. मी पीत नाही, कधी प्यायले नाही. ते सगळं माझ्या मुलीचं होतं. आई म्हणजे मीच. कुणी आवाज चढवला नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी तुम्हाला जे सांगितलं ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नाही." आणि पिशवी उचलून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. वाईट वाटलं. त्यांचं काय चुकलं?

चावीकाका दारापर्यंत सोडायला आले. "ताई, मंगळवारी येत जाऊ नका. ती आली तर तिला दार मोकळं हवं. घरच्या माणसांची वेगळी बैठक असते, गुरुवारी, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथे जा."

"ती आली तर मला कळवाल?"

"नाही."

"नुसतं आली की नाही एवढंच."

"नाही ताई. तुम्हीही इतके आठवडे आलात, मी कुणाला सांगितलं का?"

किल्ल्यांशी चाळा करत थोडा वेळ माझ्याबरोबर उभे राहिले, मग आत गेले.

२४ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यावरच्या बैठकीला गेले. माझी पाळी आली. "माझी मुलगी" म्हणाले आणि थांबले. तिचं सांगायला आता तोंड नव्हतं, आणि माझं म्हणून काय सांगायचं ते सुचेना. एक आजोबा म्हणाले, "राहू द्या, पुढच्या वेळी."

लेक फोन उचलत नाही. "बरी आहे" एवढा मेसेज येतो.

३ मे, शनिवार

संध्याकाळी जावयाचा फोन. "आई, ती आज तुमच्याकडे येऊन गेली ना? मला म्हणाली, बैठकीला जायला लागलीय. खरं आहे?"

म्हटलं, "मला माहीत नाही. तिथे विचारलं तरी सांगत नाहीत."

"बरं, ते जाऊ द्या. आज कशी होती? प्यायली होती का? तुम्ही फक्त नाही म्हणा, उद्या सकाळी मी भिंगरीला घेऊन येतो. तिने मैत्रिणीच्या घरी सगळी तयारी करून ठेवलीय म्हणे."

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला? तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

तो म्हणाला, "कळलं मला. उद्या नको मग." त्याला वाटलं, मी लेकीला पाठीशी घालतेय.

"नाही प्यायली" म्हणायला काय जात होतं? पण समजा प्यायली असती, आणि पोर तिच्या हवाली केली असती, तर पुन्हा ती पायरी. आणि प्यायली नसेल, तर लेकीचा रविवार आज मी घालवला. तीच शक्यता जास्त आहे असं मला वाटतं. वाटतं म्हणजे काय, तसं वाटावं अशी माझी इच्छा आहे. तिने तिकडे खेळणी आणून ठेवली असतील. उद्या कुणी येणार नाही, हे तिला आता कळलं असेल.

मला माहीत कसं नाही, ते लिहिते. ती दुपारी आली ती राहिलेले कपडे न्यायला. तब्येत उतरलीय. मी काही विचारलं नाही, पर्सकडे बघितलंसुद्धा नाही, कपडे बांधून दिले. दारापर्यंत गेली, पिशवी खाली ठेवली, आणि मागे येऊन तिने मला मिठी मारली. एकदम. मला सुचलं ते एवढंच की मी श्वास रोखून धरला. तिच्या केसांत माझं नाक होतं. एक श्वास घेतला असता तर सगळं कळलं असतं.

ती सोडेना. माझा जीव कासावीस व्हायला लागला. तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, एक्स-रे काढून झाल्यावर पेशंटला म्हणते तशी, "आई, सोड श्वास. सोड आता."

मी मान हलवली. नाही सोडला.

मग तिने आणखी घट्ट धरलं. तिचे खांदे हलत होते. मग पिशवी उचलून खाली गेली. खालचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी श्वास घेतला. घरात फक्त मशीनच्या तेलाचा वास होता.